शेवटचा हात

साहेबांचा संगणक रविवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी गेला, तेव्हा साहेब एका बाईला दोषी ठरवण्याच्या अगदी बेतात होते. 'सबब, अपचारी कर्मचारी' इथपर्यंत टंकून झालं होतं. अपचारी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. दफ्तराच्या भाषेत माणूस आधी अपचारी होतो आणि त्याने नेमकं काय केलं ते मग शोधतात. तर तेवढ्यात पेटीच्या मागून 'टप्' असा आवाज आला, पडदा काळा झाला, पंख्याची घरघर थांबली आणि काळ्या काचेत साहेबांना स्वतःचंच तोंड दिसलं.

साहेब चौकशी अधिकारी होते. कचेरीत काही हरवलं, फुटलं, जळलं की फाईल त्यांच्या टेबलावर यायची. आजवर त्रेचाळीस चौकश्या केल्या आणि त्रेचाळीस दोषी काढले, असं ते लग्नाकार्यातसुद्धा सांगत. त्यांची पद्धत सोपी होती. वस्तूला शेवटचा हात कुणाचा लागला ते शोधायचं. हात सापडला की त्याच्या मागे माणूस असतोच, आणि माणूस सापडला की चौकशी संपली. वस्तू मुळात कशी होती, किती जुनी होती, असल्या फाटे फोडणाऱ्या प्रश्नांना त्यांच्याकडे थारा नसे.

चव्वेचाळिसावी चौकशी एका अभिलेख कारकुनीणबाईंची होती. बाईंनी एके सकाळी कचेरीतला संगणक चालू केला आणि तो जळाला. चालू त्यांनी केला, म्हणजे शेवटचा हात त्यांचा. एकोणीस महिने त्या निलंबित होत्या. उद्या, सोमवारी अकराला, शेवटची सुनावणी आणि त्याच दिवशी अहवाल. मुदतवाढ तीनदा घेऊन झाली होती, चौथी मिळणार नव्हती. अहवालात 'दोषी' आलं की बाईंची नोकरी जाणार, एकतीस वर्षांच्या सेवेसकट. आणि साहेब या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते, चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस असा निष्कलंक आकडा घेऊन.

"काय झालं?" साहेबांच्या पत्नींनी गच्चीकडच्या दारातून विचारलं. त्या एका वाचनालयात ग्रंथपाल होत्या आणि त्यामुळे कमी बोलत.

"संगणक बंद पडला."

"प्लग बघितलात?"

"आधी पंचनामा," साहेब म्हणाले. "कुणी कशाला हात लावायचा नाही."

साहेबांनी वही उघडली. 'घटनास्थळी जळकट वास. पडदा निर्जीव. पेटीवरील दिवा विझलेला. टेबलावर अर्धा कप चहा, कोमट.' चहाचा काय संबंध, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं, पण पंचनाम्यात चहा असला की तो भरल्यासारखा दिसतो. मग त्यांनी पत्नीचा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"दहा वाजून चार मिनिटांनी आपण कुठे होतात?"

"कपडे वाळत घालत होते. तुमचे."

"त्याआधी?"

"मिक्सर लावला होता."

साहेबांचं पेन थांबलं. "मिक्सर! किती वाजता?"

"दहाला पाच कमी असतील. अहो, तो बंद करून मी कपडे घेऊन बाहेर गेले, त्यानंतर तुमचं ते टप् झालं."

"ते आम्ही ठरवू," साहेब म्हणाले. चौकशीला बसले की ते स्वतःला आम्ही म्हणत.

मिक्सरमुळे घरातली वीज हेलकावली आणि संगणक दगावला, असं त्यांचं अनुमान झालं. अनुमान झालं की पुरावा पाहिजे. पुराव्यासाठी त्यांनी घटनेची पुनर्रचना करायचं ठरवलं. नुसता मिक्सर लावून काही होईना, म्हणून जोडीला इस्त्री लावली. मग पाणी तापवायची टाकी. मग कपडे धुण्याचं यंत्र. पत्नी म्हणाल्या, "सकाळी यातलं काहीच चालू नव्हतं." साहेब म्हणाले, "शक्यता तपासावी लागते." आणि वाळवायला काही नसताना त्यांनी केस वाळवायचं यंत्रही चालू केलं. त्याबरोबर घरातली वीज गेली. घरातलीच नव्हे, जिन्यातलीही गेली, आणि कुठूनतरी खालून एक माणूस ओरडायला लागला.

तो माणूस म्हणजे समोरच्या दारातले विमेवाले. ते लिफ्टमध्ये होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध. पाऊण तास ते तिथे होते, आणि कुणालाही वाटेल की अशा अवस्थेत माणूस सुटकेबद्दल बोलेल. विमेवाल्यांनी जाळीतून आधी विचारलं, "झालं काय नेमकं?" साहेबांनी कमरेत वाकून, जाळीला तोंड लावून, सगळी हकिगत सांगितली.

"मेमरी काढा आणि खोडरबराने घासा," लिफ्टमधून सल्ला आला. "माझ्या साडूचा असाच चालू झाला."

"मिक्सरमुळे झालं असेल का हो?"

"मिक्सर? छे! मदरबोर्ड गेला असणार. हृदयच ते. तुम्ही ऐका माझं, मी बाहेर आलो की पेटी उघडू."

लिफ्टवाल्याला फोन केला तेव्हा त्याने, रविवारी लिफ्ट बंद पडत नसते, असं काहीतरी अगम्य सांगून फोन ठेवला. शेवटी विमेवाल्यांना खुर्ची आणि चादर वापरून वर ओढून काढलं. सोसायटीच्या चिटणीसबाईंनी फ्यूज बदलताना साहेबांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर साहेबांनी आजवर फक्त इतरांना दिली होती.

विमेवाले कपडे झटकून येईपर्यंत साहेबांनी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं. संगणकाच्या कंपनीला फोन लावला. सतरा मिनिटं सनईसारखं काहीतरी वाजत राहिलं. मग एक गोड आवाज म्हणाला, "सर, संगणक चालू करून पडद्यावरचा क्रमांक वाचून दाखवा."

"अहो, चालू होत नाही म्हणूनच तर फोन केला."

"समजलं सर. मग आमच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा."

"कशावरून नोंदवू?"

"संगणकावरून, सर."

साहेबांनी मोबाईलवरून तक्रार नोंदवली. परवलीचा आकडा त्यांनी सहा वर्षांपूर्वी दिलेल्या नंबरावर गेला, आणि तो नंबर आता कुणा अनोळखी बाईंकडे होता. बाईंनी आकडा सांगितला, पण त्याआधी तुम्ही कोण, घरी कोण कोण असतं, काय करता, हे सगळं विचारून घेतलं. आकडा टाकला तेव्हा कळलं की हमीची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली. शिवाय मूळ खोका आणि आतला थर्माकोल असल्याशिवाय पेटी स्वीकारत नाहीत. दोन मिनिटांनी निरोप आला, 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आपले समाधान झाले का?' साहेब चिडले, हे खरं. पण मनाच्या एका कोपऱ्यात, इतक्या सुबक रीतीने तक्रार बंद करणाऱ्या माणसांबद्दल त्यांना थोडा आदरही वाटला.

तोवर विमेवाले स्क्रू पिळायला लागले होते. साहेबांनी निघालेल्या प्रत्येक स्क्रूची यादी केली, त्याखाली विमेवाल्यांची सही घेतली. नऊ स्क्रू, पैकी एक मुळातच नव्हता, तशी टीप. झाकण निघालं आणि आत सहा वर्षांची धूळ दिसली, जाड, नांदती धूळ. विमेवाल्यांनी व्हॅक्यूम क्लीनर मागवला आणि तो घाईत उलटा लावला. धूळ ओढली जायच्या ऐवजी सबंध खोलीत उधळली. वाळत घातलेले धुतलेले कपडे दारातच होते. पत्नींनी ते काही न बोलता पुन्हा यंत्रात टाकले. त्या बोलल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं.

मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. काही झालं नाही. फुंकर मारली. पेटीवर दोनदा थापट मारली. विमेवाल्यांनी शेवटी हात टेकले आणि सोफ्यावर बसून निर्णय दिला, "गेला. मदरबोर्डच. आता एकच सांगा, साहेब. शेवटी बसलं कोण होतं यावर?"

साहेब वहीवरची धूळ झटकायला लागले.

"हेच," पत्नी म्हणाल्या. "दुसरं कुणी हात लावायचा नाही असा यांचा नियम आहे."

"मग प्रश्न मिटला," विमेवाले म्हणाले. त्यांना काहीच सुचवायचं नव्हतं. पाऊण तास लिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला थोडा आनंद हवा असतो, एवढंच. "माणूस काहीतरी चुकीचं दाबतो आणि मग म्हणतो, आपोआप झालं."

"मी काहीही चुकीचं दाबलेलं नाही!" साहेब ओरडले. "मी 'कर्मचारी' टंकत होतो!"

"सगळे असंच म्हणत असतील ना हो तुमच्यापुढे?" पत्नी शांतपणे म्हणाल्या. "त्रेचाळीस जण?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याच्याखाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांना खरोखर लाज वाटत होती. आपण काही केलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीही नव्हतं. चहा कोमट होता, एवढाच पुरावा. ते दोनदा वही उघडून मिटत बसले. दुपारच्या जेवणाला ते नीट जेवलेसुद्धा नाहीत.

तीनच्या सुमाराला पत्नी म्हणाल्या, "आमच्या वाचनालयात एक बाई येतात. वर्षभरावर झालं, संगणक दुरुस्तीचं एकही पुस्तक त्यांनी सोडलेलं नाही. वाचनालयाचे दोन संगणक त्यांनीच चालू केले. बोलावू?"

"त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे का?"

"तुमच्या मित्राकडे होतं?"

विमेवाले तेव्हा घरी गेले होते, म्हणून बरं. साहेबांनी होकाराची मान हलवली.

बाई अर्ध्या तासात आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, किरकोळ अंगाच्या, खांद्याला कापडी पिशवी. दारावरची पाटी त्यांनी जरा जास्तच वेळ वाचली. क्षणभर वाटलं, परत फिरतात की काय. मग चपला काढून, त्या नीट जोडून ठेवून आत आल्या.

"काय काय करून झालंय?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी पंचनामा वाचून दाखवला. खोडरबर आणि व्हॅक्यूम क्लीनरचा भाग त्यांनी गाळला, पण पत्नींनी तो भरून काढला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी भिंतीतल्या सॉकेटला टेस्टर लावला. दिवा लागला. मग वायर बदलून बघितली. मग पिशवीतून कागदांना लावायची एक साधी पिन काढून ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवली.

"हे काय?" साहेब दचकले.

"या लोखंडी डब्यातून सगळ्या पेटीला वीज जाते. तो मदरबोर्डपासून सोडवला आणि हिरवी तार काळीला जोडली, की डबा चांगला असेल तर एकटासुद्धा चालू होतो. त्याचा पंखा फिरतो. फिरला, तर दोष दुसरीकडे. नाही फिरला, तर डबा गेला. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, म्हणजे नाहक कुणावर आळ येत नाही."

प्लग काढून त्यांनी पिन खोचली, मग प्लग लावून बटण दाबलं. पंखा फिरला नाही. बाईंनी पुन्हा प्लग काढला आणि डब्याच्या जाळीतून टॉर्च मारली. "हे बघा. या उभ्या नळ्यांची टोपी सपाट असायला पाहिजे. ही फुगलीय. आणि ही फुटून तिच्यातलं बाहेर आलंय. कधी घेतला होता संगणक?"

"सहा वर्षं झाली."

"रोज चालतो, आत ही धूळ. मग व्हायचंच. हा आज गेला, उद्या गेला असता, परवा गेला असता."

साहेब एकदम ताठ बसले. "म्हणजे, शेवटी वापरणाऱ्याच्या हातून काही…"

"वापरणाऱ्याने काय करायचंय त्यात? बटण दाबायचं सोडून?"

"ऐकलंत?" साहेबांनी पत्नीकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग समोरच्या दाराकडे बघून आवाज चढवला, "ऐकलंत का!" पण विमेवाल्यांचं दार बंद होतं. तोंडी निर्दोष सुटण्यावर साहेबांचा कधीच विश्वास नव्हता. "बाई, हे लेखी पाहिजे. मी सांगतो, तुम्ही लिहा. थांबा, मीच लिहितो, तुम्हाला ती भाषा यायची नाही."

"नाही यायची," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कार्बन लावून दोन प्रती केल्या. सकाळपासूनचा अपमान त्यांच्या लेखणीत उतरला आणि खरं सांगायचं तर सबंध नोकरीत त्यांनी इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं. 'वीजपुरवठ्याचा डबा वयोमानाने व देखभालीअभावी निकामी झाला असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. यंत्र बिघडते त्या क्षणी त्यास कोणाचा तरी हात लागलेला असणे हा त्या हाताचा दोष नव्हे. सबब, अंतिम हाताळणाऱ्यावर जबाबदारी निश्चित करणे अन्यायाचे होईल.' खाली सही केली. कपाटातून शिक्का काढून, हुद्द्यासकट दोन्ही प्रतींवर उमटवला. घरच्या कागदावर कचेरीचा शिक्का मारायचा नसतो, हे त्यांना माहीत होतं. पण विमेवाल्यांना नुसत्या सहीने पटलं नसतं.

"तपासणी करणारी म्हणून मी सही करते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बारीक, वाचता न येणारी सही केली. "एक प्रत मला लागेल ना?"

"अर्थात! तपासणाऱ्याकडे प्रत राहते, तो नियमच आहे."

बाईंनी प्रत चार घड्या न घालता, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून पिशवीत सरकवली. मग पिशवीतलाच एक जुना पण चांगला डबा काढून पेटीत बसवला. स्क्रू आठच लावले, यादीप्रमाणे. बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि संगणकाने सकाळचा अहवाल आपणहून पुढे केला. 'सबब, अपचारी कर्मचारी'. त्याच्यापुढे रेघ लुकलुकत होती.

बाई वाचत होत्या. बराच वेळ वाचत होत्या.

"कचेरीचं काम," साहेब खुषीत म्हणाले. "एका कारकुनीणबाईंनी संगणक जाळला."

"जाळला?"

"चालू केला आणि जळाला. शेवटचा हात त्यांचाच, ते शाबीत झालंय."

"किती वर्षांचा होता तो?"

"तो मुद्दा चौकशीच्या कक्षेत नव्हता."

"असं," बाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली. साहेबांनी मोबदल्याचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "नको. मला सध्या दुसरीकडे काम करून काही घेता येत नाही. नियमात बसत नाही." साहेबांना हे विचित्र वाटलं, पण नियम पाळणारी माणसं त्यांना आवडत. बाई गेल्यावर पत्नींनी विचारलं, "नाव विचारलंत का त्यांचं?"

"दुरुस्तीवाल्या बाईंचं नाव कशाला?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी राहिलेलं वाक्य पुरं केलं. 'दोषी आहेत.' मग आपली प्रत घेऊन ते समोरच्या दाराशी गेले आणि विमेवाल्यांना ती दोनदा वाचून दाखवली.

सोमवारी अकराला सुनावणी सुरू झाली. साहेब, लघुलेखक आणि अपचारी. साहेबांची नजर फाईलमध्ये होती. याआधीच्या अकरा सुनावण्यांतही ती तिथेच होती. प्रश्न फाईलला विचारायचे, उत्तर लघुलेखकाने घ्यायचं, समोर बघायची वेळच येत नसे.

"अपचाऱ्यास शेवटचं काही सांगायचं आहे?" साहेबांनी फाईलला विचारलं.

"एक कागद दाखल करायचाय."

टेबलावरून कागद सरकत आला. "वाचा," साहेब लघुलेखकाला म्हणाले, कारण ते तेव्हा अहवालाची पानं लावत होते. लघुलेखकाने घसा साफ केला. "'यंत्र बिघडते त्या क्षणी त्यास कोणाचा तरी हात लागलेला असणे हा त्या हाताचा दोष नव्हे…' साहेब, भाषा अगदी तुमच्यासारखी आहे." मग त्याने खालची सही बघितली, शिक्का बघितला, आणि तो पुढे काही वाचेना.

साहेबांनी मान वर केली. समोर किरकोळ अंगाच्या, पन्नाशी उलटलेल्या बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी.

"तुम्ही?" साहेब म्हणाले.

"एकोणीस महिने मीच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "आधी मला ठाऊकच नव्हतं की तो का जळला. तुम्ही विचारायचात आणि मला सांगता यायचं नाही. म्हणून शिकले."

"हा कागद खाजगी आहे. घरचा आहे. याचा या प्रकरणाशी…"

"शिक्का कचेरीचा आहे. आणि ज्याची सही आहे त्याची उलटतपासणी घ्यायचा मला हक्क आहे. नियम तुम्हीच वाचून दाखवला होतात, पहिल्या दिवशी." बाईंनी पिशवी घट्ट धरली. "साक्षीदार हजरच आहेत. मला एकच प्रश्न विचारायचाय. काल तुमचा संगणक गेला, तेव्हा शेवटचा हात कुणाचा होता?"

साहेबांना उत्तर टाळण्याचे सात मार्ग ठाऊक होते. त्रेचाळीस जणांनी ते त्यांच्यासमोर वापरून पाहिले होते आणि त्यांनी एकेक बंद केला होता.

"माझा," साहेब म्हणाले.

लघुलेखकाचं पेन हवेत होतं. "साहेब, हे नोंदीत घ्यायचं?"

साहेबांनी अहवालाचं शेवटचं पान गठ्ठ्यातून ओढून काढलं आणि उलटं करून टेबलावर ठेवलं.

"घ्या," ते म्हणाले. "आणि बाईंना विचारा, तो कचेरीतला संगणक किती वर्षांचा होता."

"मला विचारा ना, साहेब," बाई म्हणाल्या. "मी समोरच बसलेय."

"किती वर्षांचा होता?" साहेबांनी त्यांच्याकडे बघून विचारलं.

"चौदा," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.